पृथ्वीच्या पोटातली तारीख

३ मार्च, सोमवार

आज भाच्याने दीड तास माझं डोकं खाल्लं. वकील झाल्यापासून हा पोरगा मामाकडे येत नाही, मामावर चालून येतो. बगलेत फाइल आणि फायलीत नवा कामगार कायदा. आता म्हणे सात माणसांच्या कारखान्यालाही सूट नाही. प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र द्यायचं. कामाला कधी लागला, काम काय, तास किती, रजा किती, काढायचं झालंच तर कारण काय आणि किती दिवस आधी सांगायचं, सगळं त्यात हवं. आणि हे सगळं एप्रिल उजाडायच्या आत.

"आणि नाही दिलं तर?"

"तर मामा, तपासणीला माणूस येईल, आणि तो तुमच्या कविता ऐकत बसणार नाही."

माझं पित्त खवळलं. माझ्या वडिलांपासून आम्ही शाळांसाठी पृथ्वीचे गोल करतो. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या खळीने जोडायच्या, त्यांवर छापील कागदाच्या बारा पाकळ्या चिकटवायच्या, वर-खाली ध्रुवांच्या दोन टिकल्या, मग लाकडी बैठक. आमच्याकडे 'आज किती माल निघाला' असं कुणी विचारत नाही, 'आज किती पृथ्व्या झाल्या' असं विचारतात. वडिलांनी कुणाला पत्र दिलं नाही, मीही नाही. आम्ही शब्द दिला. घरातल्या माणसांना कुणी नेमणूकपत्र देतं का? हे मी भाच्याला ठणकावून विचारलं, तर मागच्या दाराने चहा घेऊन येणारी आमची ही म्हणते, "मला द्या एक. आणि त्यात तास लिहा."

भाच्याने हजेरीवही मागितली. मी त्याला फळा दाखवला. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यावर सातही नावं नव्याने लिहितो, रोज पुढे खडूची फुली मारतो, महिना संपला की ओल्या फडक्याने पुसतो. शाळेत फळा पुसायची पाळी मिळावी म्हणून मी मारामारी केलेली आहे. ओल्या खडूचा तो वास! भाच्याला वासाचं काय? तो म्हणाला, "म्हणजे कोण कधीपासून आहे याचा एकही कागद नाही?"

"मला पाठ आहे."

"म्हणा."

मी सुरुवात केली आणि तिसऱ्या नावाला अडखळलो. पूर्वी वीस-वीस कडवी एका दमात म्हणत असे.

६ मार्च, गुरुवार

कायदा वाचायला घेतला. काय ते गद्य! "कर्मचारी म्हणजे अशी कोणतीही व्यक्ती की जी" इथे श्वास घ्यावा तर वाक्य पुढच्या पानावर गेलेलं. ज्याने हे लिहिलं त्याला शाळेत कुणी एक कविता चालीवर म्हणायला लावली असती तर देशाचं भलं झालं असतं.

एक कलम असं की आजारी माणसाला कामावर बोलावता येणार नाही. हे आम्हाला सांगतात! मी कधी कुणाला आजारपणात बोलावलं? आमची पाकळीवाली ध्रुवबाई एकदा तापात आली होती, पण आपणहून. मी फक्त निरोप धाडला होता की शाळा उघडायला आठच दिवस उरलेत. दुसरं कलम, कारण न सांगता कुणाला घरी बसवता येणार नाही. कातारीला मी एकदा आठवडाभर घरी बसवलं, पण त्याला कारण पक्कं माहीत होतं. मी मधल्या सुट्टीत कविता म्हणत असताना (त्यापायीच सगळे मला मास्तर म्हणतात) याने बैठकांचं लाकूड कातायला यंत्र सुरू केलं. ऐन शेवटच्या कडव्यात.

राग शांत व्हावा म्हणून कपाटावरच्या पहिल्या पृथ्व्या पुसल्या. ही रीत वडिलांची. नव्या माणसाच्या हातची पहिली पृथ्वी विकायची नाही. वाट्या जोडण्याआधी मालकाने आत एक चिठ्ठी टाकायची आणि ती पृथ्वी कपाटावर ठेवायची. मी चिठ्ठीवर दोन ओळी रचत असे. कुणासाठी काय रचलं ते आज एकही आठवत नाही, पण पृथ्वी कानाशी धरून हलवली की आत कागद कुजबुजतो. सात पृथ्व्या, सात कुजबुजी. हे कुठल्या कलमात बसवणार?

१० मार्च, सोमवार

भाचा तोडगा घेऊन आला. कुणाचीच तारीख सापडत नाही ना, मग सगळ्यांना एकच तारीख घालायची. एक एप्रिल. "नवं पान, मामा. सगळे एकाच दिवशी रुजू."

चिडायच्या तयारीत बसलो होतो, पण हे मला आवडून गेलं. शाळेचा पहिला दिवस! सगळे एका रांगेत, सगळ्यांच्या वह्या कोऱ्या, कुणी जुना नाही, कुणी नवा नाही. भाच्यात थोडं काव्य उतरलं आहे म्हणायचं, आजोळाकडून.

तो पुढे बरंच बोलला. पहिले सहा महिने उमेदवारीचे असतात, त्या काळात कमी करायला कारण द्यावं लागत नाही, त्यानंतर मात्र लेखी कारण, सूचना, चौकशी. शिवाय प्लॅस्टिकच्या गोलावर थेट छापणारं एक यंत्र आहे, ते ऑगस्टमध्ये बसेल, वगैरे. मी खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या शाळेतली मुलं पाढे म्हणत होती. त्याने पुढे केलेल्या कागदांवर पाच-सहा ठिकाणी सह्या केल्या.

ध्रुवबाई हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. गारठा वाढला असावा.

१७ मार्च, सोमवार

अजून राग उतरलेला नाही. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आज पत्रं वाटायची होती. मी सकाळी छोटं भाषणही तयार केलं होतं, शाळेच्या पहिल्या दिवसावर. पत्रं लिफाफ्यांत घातली, लिफाफ्यांवर नावं वळणदार लिहिली. सगळे उभे. पहिलं पत्र मान म्हणून ध्रुवबाईला दिलं. आमच्याकडची सगळ्यात पक्की पाकळीवाली ती. ध्रुवाची टिकली बारा पाकळ्यांच्या टोकांवर तिच्यासारखी सपाट कुणालाच बसवता येत नाही, म्हणून तर मीच हे नाव ठेवलं.

लिफाफा न फोडता सही करतील असं मला वाटलं होतं. तिने फोडला. वाचू लागली. अख्खं पत्र, उभ्याने, बोट फिरवत. मग बोट थांबलं.

"मास्तर, मी एक एप्रिलला कामाला लागणार आहे?"

"अहो, ती नुसती तारीख."

"मग मी आता इथे काय करतेय? पाहुणी आलेय?"

दोघंतिघं हसले. मला ते लागलं. मी म्हणालो, "बाई, सगळ्यांना सारखीच आहे. कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही."

"आणि हे उमेदवार कोण?"

"तो कायद्याचा शब्द आहे."

"चोवीस वर्षं झाली मला. या कातारीच्या पोरीचं लग्न होऊन तिला पोरं झाली, आणि मी उमेदवार?" तिने पत्राची घडी परत होती तशीच घातली. "बरोबर तारीख घाला, डोळे मिटून सही करते."

"बरोबर तारीख कुठाय? तुमच्याकडे आहे?"

"पहिल्या दिवशी माझं लक्ष खळीकडे होतं. तारखेकडे तुम्ही बघायचं होतं."

माझा तोल गेला. मी म्हणालो, घरच्या माणसाने असा अविश्वास दाखवायचा? शब्दावर चाललेल्या जागेत कागदावर बोट ठेवायचं? तिने पत्र लिफाफ्यात घातलं. लिफाफा माझ्या टेबलावर ठेवला, हात धुतले आणि निघून गेली. मी उरलेले लिफाफे वाटले, तर सहाही जणांनी ते आणून तिच्या लिफाफ्यावर ठेवले. कातारी म्हणाला, "घाई नाही ना मास्तर? एप्रिलला अवकाश आहे."

भाषण तसंच खिशात राहिलं.

१८ मार्च, मंगळवार

ती आली नाही. फळ्यावर फुली मारायला हात उचलला आणि खाली घेतला. बाकीचे आले, मान खाली घालून काम करत राहिले. कृतघ्न!

२० मार्च, गुरुवार

अजून नाही. अकरा पृथ्व्या ध्रुवांवाचून उभ्या, डोक्यावर भोक घेऊन. मी म्हटलं, त्यात काय आहे एवढं? वडिलांच्या वेळी मीही बसवत होतो. बाह्या सरसावल्या. टिकलीला खळ लावली, ठेवली, हाडाच्या पट्टीने दाबली. सुरकुती. सोडवायला गेलो तर फाटली. दुसरी ठेवली, ती सरकून उत्तरेचा बर्फ भलत्याच समुद्रात गेला. चौथ्या टिकलीला कातारी जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, आधी कागद ओला करून दोन मिनिटं फुगू द्यायचा असतो. बाई तेच करायच्या."

"मला ठाऊक आहे!"

ठाऊक नव्हतं. चोवीस वर्षं ती माझ्यापासून चार हातांवर ते करत होती.

२२ मार्च, शनिवार

जेवताना हिने विषय काढला. मी म्हटलं, कायद्याने माणसामाणसांत भिंत घातली. ही वरण वाढता वाढता थांबली.

"कायद्याने त्यांना तारीख द्या म्हटलंय. ती पुसा म्हणून कुठे म्हटलंय?"

"मी काय पुसलं?"

"अहो, एप्रिलपासून सहा महिने बोटांवर मोजा. कुठे येता?"

"सप्टेंबरअखेर."

"यंत्र कधी येतंय?"

मी म्हटलं, कुठलं यंत्र? तिने उठून फाइल आणली, आणि मधल्या पानावर माझी सही. वळणदार, नावाखाली रेघ. यंत्राची मागणी ऑगस्टची. भाच्याने काही लपवलं नव्हतं, तो माझ्या तोंडावर बोलत होता आणि मी पाढे ऐकत होतो.

"तिच्या बोटांना कंप सुटलाय," ही म्हणाली. "आंधळ्या माणसाला दिसावं एवढं उघड दिसतंय. यंत्र आलं, बोटं थरथरली, आणि वर उमेदवार. तिला हे पत्र वाचताक्षणी कळलं. तुम्हाला पाच दिवस लागले, आणि तेही मी वाढल्यावर."

मी पानावरून उठलो. कुणाच्या अंगावर ओरडावं ते सुचेना, म्हणून मांजरावर ओरडलो.

२४ मार्च, सोमवार

भाच्याला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत झापलं. मी इतका मोठ्याने बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. "माझ्या हाताने माझ्या माणसांची वर्षं पुसवलीस!"

तोही तापला. "मामा, पुसायला काही होतं का? तुमचा फळा दर महिन्याला कोण पुसतं? मी? तुम्ही मला कागद द्या, मी तारीख घालतो. आता तर द्यावीच लागते. पण मनाने घातली आणि उद्या कुणी खोटी ठरवली तर अडकणार कोण? मालक. या कायद्यात मालकाचं पाठांतर चालत नाही, दाखवावं लागतं."

हे मेलं खरं होतं. म्हणून जास्त राग आला.

तेवढ्यात कातारीने यंत्र बंद केलं. "तारीख तर कपाटावर आहे."

"काय?"

"पहिल्या पृथ्व्या. तुम्ही कवितेखाली तारीख घालायचात ना मास्तर? शाळेत घालतात तशी. माझी जोडताना मी बघितली होती. कविता नाही वाचली," तो म्हणाला, "लांब वाटली."

सगळे कपाटाकडे बघू लागले. मी पुढे होऊन आडवा उभा राहिलो. म्हटलं, त्या फोडायच्या नाहीत. वडिलांची रीत आहे. एकाच्याही अंगाला पातं लावलंत तर याद राखा.

भाचा हळूच म्हणाला, "मग एक एप्रिलच राहू द्यायची का?"

२६ मार्च, बुधवार

ध्रुवबाईला बोलवायला ही स्वतः गेली. मी गेलो नाही. मला लाज वाटत होती असं नाही, पाय दुखत होते.

ती आली आणि दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला ठाऊक होतं तारीख कुठे आहे ते?"

"होतं. नव्या माणसांच्या चिठ्ठीखाली तुम्ही तारीख घालता ते बघत आलेय."

"मग बोलला का नाहीत?"

"ती माझ्या हातची पहिली. फोडा म्हणून मी सांगायचं? ज्याने तारीख हरवली त्याने सांगावं."

मी कपाटावरून तिची पृथ्वी काढली. जुना रंग, समुद्र पिवळसर पडलेला, पण ध्रुव बघा, अजून एक सुरकुती नाही. कानाशी धरून हलवली. मग कातारीकडे दिली. त्याने ती मांडीत धरली आणि पातळ पात्याने विषुववृत्तावरून हळूहळू फिरवत आणली. दोन वाट्या वेगळ्या झाल्या. चिठ्ठी भाच्याने उचलली, कारण मला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा ओला झाला होता. त्याने कोर्टातल्या आवाजात वाचलं:

"जोवर फिरते पृथ्वी अपुली, तोवर तुमची जागा;
आज जोडिला तुमच्या हाती या घरचा हा धागा."

खाली अकरा जून, चोवीस वर्षांपूर्वीचं साल, आणि माझी सही. नावाखाली रेघ.

भाचा स्टुलावर बसला. "मामा, हे कायमचं नेमणूकपत्र आहे. यमकासकट."

मला हसू आलं, अभिमानही वाटला. मात्रा एक ढळली नव्हती! मी ध्रुवबाईकडे पाहिलं, तिचे डोळे भरून येतील या अपेक्षेने. ती संतापाने लाल झाली होती.

"हे तुम्ही लिहिलं होतंत?"

"हो."

"आणि मला दाखवलं नाहीत. आत टाकून वरून चिकटवलंत. माझ्याच हाताने." तिचा आवाज चढला. चोवीस वर्षांत मी तो ऐकला नव्हता. "दर एक तारखेला मी त्या दारातून आधी फळ्याकडे बघते, मास्तर. नाव आहे की नाही. तुम्ही नावं लिहीत असता, गुणगुणत, आणि मी चपला न काढता उभी. सहावं नाव झालं की वाटतं, सातवं येतंय का. आजारी आईला टाकून आले, तापात आले, का? जीव होता म्हणून? फळ्याला भिऊन आले! आणि इथे हे, डोक्यावर, कपाटात, जागा लिहून ठेवलेली!"

तिचं नाव मी नेहमी शेवटी लिहीत असे. मानाचं म्हणून, कवितेत शेवटची ओळ असते तसं.

अंगात संताप भरून आला होता, पण तो कुणावर काढायचा ते समजेना. कायद्यावर म्हणावं तर त्याने आजवरचं एकच काम केलं होतं, माझी चिठ्ठी मला वाचायला लावली.

"बोटं थरथरतात माझी," ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि हात पुढे धरले. "बघा. यंत्र येणार आहे तेही कळलंय. आता बोला."

मी भाच्याला म्हणालो, "लिही. यंत्र आलंच तर ते चालवायला आधी या शिकतील."

"तसं कलम नसतं, मामा."

"नसेल तर घाल."

२८ मार्च, शुक्रवार

उरलेल्या सहा पृथ्व्या कापल्या. प्रत्येकीत दोन ओळी आणि तारीख. कातारीची कविता खरंच लांब होती, चार ओळींची. त्याने ती वाचली आणि म्हणाला, "मग मला आठवडाभर घरी का बसवलंत?" मी म्हटलं, ते जुनं झालं. तो म्हणाला, "तारीख सांगू?"

फळा उतरवून ठेवला. हजेरीवही आली आहे, निळ्या कापडी पाठीची. तिला कसलाच वास नाही.

३१ मार्च, सोमवार

पत्रं नवी झाली. या वेळी प्रत्येक ओळ मी स्वतः वाचली, 'नऊ ते पाच'सारख्या तासांच्या आणि रजांच्या रुक्ष ओळीही. सगळ्यांनी बसून वाचली, प्रश्न विचारले, दोन चुका काढल्या, मग सह्या केल्या. मला घाई नव्हती. असती तरी कुणी जुमानलं नसतं.

ध्रुवबाईने दिवसभर कापलेल्या पृथ्व्या जोडल्या. वाट्यांवरून खळ लावून कागदाची बारीक पट्टी फिरवली. आता आमच्या कपाटावर विषुववृत्त खरोखरच दिसतं. तिची स्वतःची पृथ्वी तिने शेवटी घेतली. बोटं थरथरत होती, पण पट्टी कागदाला टेकली की थांबत होती.

मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, चिठ्ठी तुम्ही ठेवा. तुमचीच आहे."

तिने चिठ्ठी घेतली, एकदा वाचली आणि वाटीत टाकली. वर दुसरी वाटी बसवली.

"कविता आत राहू दे, मास्तर. तारखेचं पत्र मी घरी नेते."

पत्र तिने चौघडी करून पिशवीत अगदी तळाशी ठेवलं. वाटलं होतं, निदान आता तरी ती दोन ओळींबद्दल काही म्हणेल. शेवटी मीच विचारलं, "कशी वाटली पण?"

तिने पिशवीची चेन ओढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाच वाजले," ती म्हणाली.